कागद ‘खरे दिसले’ की मालक सुटला

अमेरिकेत कोंबड्या कापायच्या कारखान्यात मजूर भरा, नाहीतर बँकेत इंजिनिअर घ्या, एक फॉर्म सगळ्यांना सारखाच भरावा लागतो: आय-नाइन. अध्यक्ष रेगन यांनी नोव्हेंबर १९८६ मध्ये सही केलेल्या कायद्याने तो आणला. विनाकागद कामगारांबद्दल आपल्याकडे ‘कायदा मोडला ना, मग भोगा’ असं बोललं जातं. त्या चर्चेत हा फॉर्म कधीच येत नाही, आणि मेख तर तिथेच आहे.

फॉर्मचा पहिला भाग कामगाराने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा. मी नागरिक आहे, ग्रीन कार्डवाला आहे किंवा मला कामाची परवानगी आहे, असं शपथेवर लिहून सही करायची. खोटं निघालं तर गुन्हा त्याचा. दुसरा भाग मालकाचा. त्याने कामाच्या तीन दिवसांत कागद बघायचे. पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड असेल तर एकच पुरे. नसेल तर दोन लागतात: ओळखीसाठी ड्रायव्हिंग लायसन्ससारखा एक आणि कामाच्या हक्कासाठी सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन योजना) कार्डासारखा एक. कोणते दाखवायचे हे कामगार ठरवतो. ‘मला ग्रीन कार्डच दाखव’ असा हट्ट मालकाने धरला तर तो भेदभाव ठरतो आणि दंड मालकाला बसतो. कागद वरवर पाहता खरे वाटले पाहिजेत, एवढीच अट. तज्ज्ञाला दाखवा, कुठे फोन करून खात्री करा, असलं काही नाही.

शिक्षेच्या कलमातला कळीचा शब्द आहे ‘जाणूनबुजून’. परवानगी नसलेल्या माणसाला मालकाने जाणूनबुजून कामावर घेतलं, हे सरकारने सिद्ध करायचं. मालकाच्या फायलीत तर सही केलेला फॉर्म असतो, कागद खरे वाटले असं त्यावर लिहिलेलं असतं. म्हणजे जो फॉर्म मालकाला जबाबदार धरायला काढला, तोच त्याची ढाल झाला. हे चुकून झालं असं मानायला मी तयार नाही. शेतमालकांच्या आणि उद्योगांच्या संघटनांनी त्या विधेयकावर वर्षानुवर्षं घासाघीस केली होती.

तपासणी आली तरी तिची रीत सौम्य. आधी नोटीस, मग फॉर्म हजर करायला कामाचे तीन दिवस, तांत्रिक चुका दुरुस्त करायला आणखी दहा. फॉर्ममधल्या चुकीला दंड प्रत्येकी काहीशे डॉलरपासून पावणेतीन हजारांच्या आसपास. त्यानंतर मालकाच्या हातात संशयित कागदवाल्यांची यादी पडते आणि त्या माणसांना काढून टाकलं की मालकाचा प्रश्न बहुतांशी मिटतो. ओबामांच्या काळात या पद्धतीवर भर होता. २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या अमेरिकन अपॅरल या कपड्यांच्या कारखान्यातून दीड हजाराहून जास्त माणसं अशीच गेली. बेड्या नाहीत, कॅमेरे नाहीत. ती माणसं देशाबाहेर गेली का? बहुतेक नाही. तासाला चार पैसे कमी देणाऱ्या आणि रोख पगार वाटणाऱ्या छोट्या शिलाईखान्यांचे दरवाजे मात्र त्यांच्यासाठी उघडे होते.

मग उपाय म्हणून ई-व्हेरिफायचं नाव घेतलं जातं. १९९७ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेली ही संगणकी पडताळणी नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर सरकारी नोंदींशी जुळवते. मनाने रचलेला नंबर ती पकडते. खऱ्या माणसाचं नाव आणि त्याचाच नंबर एकत्र दिला तर ती बहुधा ‘ठीक’ म्हणते, कारण नोंद खरी असते आणि समोर उभा माणूस तोच आहे का, हे तिला बघता येत नाही. जून २०२५ मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात ग्लेन व्हॅली फूड्स या मांस कारखान्यावर धाड पडली आणि सत्तरहून जास्त कामगार उचलले गेले. ही कंपनी ई-व्हेरिफाय इमानेइतबारे वापरत होती. पडताळणी जितकी कडक, तितकं रचलेल्या नंबराचं मोल कमी आणि उसन्या नंबराचं जास्त. म्हणजे कडक नियमाने कामगाराला साध्या खोटेपणातून दुसऱ्याच्या ओळखीच्या वापरात, जास्त गंभीर गुन्ह्यात ढकललं.

शेतात याच्यावरही एक मजला आहे: लेबर कॉन्ट्रॅक्टर. मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा मुकादम ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. माणसं तो आणतो, पगार तो वाटतो, आय-नाइन त्याच्या नावावर. मळेवाल्याच्या दप्तरात एकही मजूर नाही, फक्त कॉन्ट्रॅक्टरला दिलेला चेक. टोळीतल्या चौघांचा आठवड्याचा पगार बुडाला तर मळेवाला म्हणतो मी पैसे दिले, आणि कॉन्ट्रॅक्टर पुढच्या हंगामात नव्या नावाने कंपनी काढतो. मळेवाल्यालाही ‘संयुक्त मालक’ म्हणून ओढता येतं. पण त्यासाठी वकील लागतो, साक्षीदार लागतात आणि ते साक्षीदार खटला संपेपर्यंत त्या देशात असावे लागतात.

या शेवटच्या अटीचं काय होतं ते पोस्टव्हिलने दाखवलं.

पोस्टव्हिल हे आयोवातलं जेमतेम सव्वादोन हजार वस्तीचं गाव. तिथे अ‍ॅग्रिप्रोसेसर्स हा ज्यू धर्मनियमांप्रमाणे मांस तयार करणारा मोठा कारखाना होता. बहुतेक कामगार ग्वाटेमालाचे, काहींची मायन भाषा वेगळी, स्पॅनिशही मोडकीतोडकी. अल्पवयीन मुलांना कामाला लावल्याबद्दल राज्याच्या कामगार खात्याची चौकशी चालू होती. कामगार संघटनेने स्थलांतर खात्याला, म्हणजे ‘आइस’ला, आधीच लिहून कळवलं होतं की इथे धाड घातलीत तर या चौकशीचा विचका होईल. १२ मे २००८ ला धाड पडलीच. ३८९ जण पकडले.

वॉटरलू शहरात जनावरांचं प्रदर्शन भरतं ते मैदान सरकारने आधीच भाड्याने घेऊन ठेवलं होतं. तिथल्या नाचघरात कोर्ट बसलं. कामगारांना दहा-दहाच्या गटाने उभं करत होते आणि एकेका वकिलाच्या वाट्याला डझनभराहून जास्त अशील आले होते. सरकारने जवळपास सगळ्यांपुढे एकच छापील तडजोड ठेवली. खोटा नंबर वापरल्याचा गुन्हा कबूल करा, पाच महिने तुरुंग भोगा आणि सुनावणीचा हक्क सोडून मायदेशी जा. नसेल मान्य तर ‘गंभीर ओळखचोरी’चं कलम लावू. त्याला किमान दोन वर्षं शिक्षा सक्तीची, न्यायाधीशालाही कमी करता येत नाही. विचार करायला सात दिवस. लढायचं ठरवलं तरी जामीन नाही, त्यामुळे खटल्याची वाट बघत आत बसायचा काळच पाच महिन्यांहून लांबण्याची भीती. घरी बायको-पोरं उपाशी. जवळजवळ सगळ्यांनी सह्या केल्या. आपल्यावर नेमका कसला आरोप आहे हेच कित्येकांना उमगलेलं नव्हतं, असं तिथे काम केलेल्या एका दुभाष्याने नंतर जाहीरपणे मांडलं. लहान मुलं असलेल्या काही बायकांना घरी सोडलं, पण पायात इलेक्ट्रॉनिक कडं अडकवून. काम करायची परवानगी नाही आणि देश सोडायचीही नाही. गावातल्या चर्चने त्यांना महिनोन्‌महिने पोसलं.

वर्षभरातच, मे २००९ मध्ये, फ्लोरेस-फिगेरोआ खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की ओळखचोरीचं ते कलम लावायचं तर वापरलेला नंबर दुसऱ्या खऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला माहीत असल्याचं सरकारने दाखवलं पाहिजे. म्हणजे पोस्टव्हिलमध्ये ज्या धाकावर सह्या घेतल्या, तो धाकच बराचसा पोकळ होता. तोवर माणसं शिक्षा भोगून ग्वाटेमालात पोचली होती.

मालकाच्या बाजूला काय झालं? कारखान्याने त्याच वर्षी दिवाळखोरी जाहीर केली. कारखाना चालवणाऱ्या शोलोम रुबाश्किन यांना बँकेच्या फसवणुकीसाठी २७ वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबर २०१७ मध्ये ट्रम्प यांनी ती कमी करून त्यांना सोडलं. स्थलांतर कायद्याखालचे आरोप सरकारने मागे घेतले होते. अल्पवयीन कामगारांच्या खटल्यात ते निर्दोष सुटले. अमेरिकेच्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या धाडीतून मालकाला शिक्षा झाली ती बँक फसवल्याबद्दल, माणसं राबवल्याबद्दल नाही.

कामगाराची तक्रार करायची ताकद कशी गेली याचा दुसरा धागा कोर्टातूनच येतो. २००२ च्या हॉफमन प्लास्टिक खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. संघटना बांधल्याबद्दल बेकायदा काढून टाकलेल्या विनाकागद कामगाराला बुडालेला पगार मिळणार नाही, असा तो निकाल. केलेल्या कामाची किमान मजुरी आजही मागता येते. संघीय कामगार खात्याकडे तक्रार करता येते, कागद विचारत नाहीत, मुदत दोन वर्षांची आणि मालकाने मुद्दाम बुडवली असेल तर तीन. पण काढून टाकल्याची भरपाई नाही म्हटल्यावर हिशोब सरळ होतो. संघटना करणाऱ्या नागरिकाला काढलं तर खर्च येतो, विनाकागद माणसाला काढलं तर जवळपास फुकट. शेतमजूर तर १९३५ च्या संघटना कायद्यातून आधीच वगळलेले आहेत आणि त्यांना संघीय कायद्याने ओव्हरटाइमही नाही.

याच ठिकाणी मला ‘बेकायदा कामगार आपल्या लोकांची मजुरी पाडतात’ हा युक्तिवाद उलटा वाटतो. मजुरी पडते ती शेजारच्या माणसाला तोंड उघडता येत नाही म्हणून. त्याला आणखी घाबरवून ती वाढायची कशी?

आता रांगेबद्दल. अमेरिकेतल्या मराठी घरांत हा मुद्दा हमखास निघतो: आम्ही एच-१बीवर वर्षानुवर्षं ग्रीन कार्डाची वाट बघतोय, हे लोक रांग मोडून घुसतात. राग समजण्यासारखा आहे, भारतीयांची रांग खरोखरच अमानुष लांब आहे. पण भाजी तोडणाऱ्याला उभं राहायला रांगच नाही. अकुशल कामगारांच्या ग्रीन कार्डांचा कोटा अख्ख्या जगासाठी वर्षाला १०,००० च्या वर जात नाही, आणि तेही मालकाने अर्ज करून काही वर्षं थांबायची तयारी दाखवली तर.

१९९६ च्या कायद्याने उरलेली वाटही बुजवली. अमेरिकेत विनापरवाना १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं परत येता येत नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं असेल तर दहा वर्षं. वर्षभर विनापरवाना राहून गेलेला माणूस पुन्हा चोरून आत आला तर बंदी कायमची होते. यातली ग्यानबाची मेख अशी की बंदी लागू होते ती देश सोडल्यावर. सीमा ओलांडून आलेल्या माणसाने अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं तर त्याला बहुतेक वेळा व्हिसासाठी मायदेशातल्या वकिलातीत जावं लागतं, आणि गेला की दहा वर्षांची कुऱ्हाड. सूट मागता येते, पण नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराला किंवा आईबापांना ‘पराकोटीचा त्रास’ होईल हे सिद्ध करून. पोटच्या मुलांचा त्रास त्यात थेट धरत नाहीत. पूर्वी हजार डॉलर दंड भरून देशातच कागद करून घ्यायची सोय होती, तिचा दरवाजा ३० एप्रिल २००१ नंतरच्या अर्जांना बंद झाला.

सीमेवरही हेच झालं. १९९३ मध्ये एल पासोला आणि १९९४ मध्ये सॅन डिएगोला बंदोबस्त वाढला, वाट अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात सरकली, दलालांचे भाव चढले. त्याआधी मेक्सिकोचे मजूर हंगामाला यायचे आणि घरी जायचे. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी मेक्सिकोतल्या गावांतून वर्षानुवर्षं गोळा केलेल्या माहितीतून दाखवलं की बंदोबस्त वाढल्यावर येणं फारसं थांबलं नाही, जाणं थांबलं. एकदा एवढा खर्च आणि जिवाचा धोका पत्करून आत आलेला माणूस दिवाळी-नाताळला घरी कशाला जाईल? तो बायको-मुलांनाच बोलावून घेतो. १९९० मध्ये विनाकागद लोक सुमारे ३५ लाख होते. २००७ मध्ये १ कोटी २२ लाख झाले, प्यू या संशोधन संस्थेच्या अंदाजाने. त्यात आपलेही आहेत: २०२१ साली भारतीय सव्वासात लाखांच्या आसपास. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात बेड्या घातलेले १०४ जण होते. बहुतेक पंजाब, हरयाणा, गुजरातचे, तिघे महाराष्ट्राचे.

राज्यांनी स्वतःचे कडक कायदे केले तेव्हा काय झालं तेही नोंदलेलं आहे. २०११ मध्ये जॉर्जियाने कायदा केला आणि लागू होण्याआधीच मजूर पसार झाले. ब्लॅकबेरी झुडपांवर सडली, काकड्या वेलीवर पिवळ्या पडल्या. गव्हर्नरांनी तोडगा काढला की प्रोबेशनवरचे, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर असलेले, बेकार गुन्हेगार शेतात पाठवा. लेस्ली गावाजवळच्या एका काकडीच्या शेतात दोन टोळ्यांना एकाच दिवशी जुंपून पाहिलं. लॅटिनो टोळीने सहा ट्रक भरले, प्रोबेशनवाल्यांचा एक ट्रक आणि चार पेट्या, आणि दुपारनंतर त्यातले बरेच निघूनही गेले. त्यात आळसाचा भाग थोडा, कौशल्याचा जास्त. काकडी पानाखाली दडलेली असते, वेल न दुखावता योग्य मापाची तेवढीच खुडायची, वाकलेल्या कंबरेने, ऊन डोक्यावर, आणि मजुरी बादलीवर. हे हाताला बसायला हंगाम जातात. त्या उन्हाळ्यातलं नुकसान जॉर्जिया विद्यापीठाच्या पाहणीने सुमारे १४ कोटी डॉलर काढलं.

अलाबामाचा कायदा आणखी पुढे गेला. शाळेत नाव घालताना मुलांचे कागद विचारायचे, विनाकागद माणसाशी केलेला करार कोर्टात चालणार नाही, सरकारशी ‘व्यवहार’ केला तर गुन्हा. या ‘व्यवहारा’त काय येतं ते स्थानिक कारकुनांनी आपापल्या मनाने ठरवलं. काही ठिकाणी नळजोडणीला कागद मागितले, फिरत्या घरांच्या नोंदणीलाही. एका सोमवारी राज्यभरात दोन हजारांहून जास्त हिस्पॅनिक मुलं शाळेत आलीच नाहीत. नोव्हेंबरमध्ये टस्कालूसात पोलिसांनी भाड्याच्या गाडीतला एक माणूस पकडला, तो निघाला मर्सिडीजचा जर्मन अधिकारी. मग कायद्यात कुठे जास्त झालं याची चर्चा राज्याच्या राजधानीत एकाएकी सुरू झाली. टोमॅटोवाले आधीपासून तेच ओरडत होते. २०१३ पर्यंत त्यातली बरीच कलमं कोर्टात निकामी ठरली.

करांचंही बोललं पाहिजे, कारण ‘फुकट खातात’ हा आरोप टिकून आहे. उसन्या नंबरावर पगार घेणाऱ्याचा सोशल सिक्युरिटीचा हप्ता पगारातूनच कापला जातो आणि म्हातारपणी त्याला त्यातलं काही मिळत नाही. आयटेप या करविषयक संस्थेच्या हिशोबाने २०२२ मध्ये विनाकागद लोकांनी ९,६७० कोटी डॉलर कर भरला, त्यातले २,५७० कोटी सोशल सिक्युरिटीचे. कर खातं त्यांना वेगळा नंबर देतं आणि तुमची माहिती स्थलांतर खात्याकडे जाणार नाही असं दशकानुदशकं सांगत आलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्याच खात्याने ‘आइस’शी माहिती देण्याचा करार केला. प्रकरण कोर्टात गेलं, पण ज्याला घाबरायचं तो पहिल्याच बातमीला घाबरला.

‘कायदेशीर मजूर आणा की’ म्हणणाऱ्यांसाठी शेतमजुरांचा एच-२ए व्हिसा आहे, आणि तो वापरलाही जातो: २०१२ मध्ये मंजूर जागा सुमारे ८५,००० होत्या, २०२३ मध्ये पावणेचार लाखांच्या वर गेल्या. मालकाने राहायला घर फुकट द्यायचं. अर्धा करार पुरा झाला की येण्याचा खर्च परत करायचा. कबूल तासांपैकी तीनचतुर्थांश तासांचं काम किंवा तेवढा पगार द्यायचा. कागदावर चांगलं आहे. दोन ठिकाणी अडतं. एक, व्हिसा हंगामी कामालाच मिळतो. गाई बारा महिने दूध देतात, म्हणून डेअरीवाल्याला त्याचा उपयोग नाही. दुसरं, व्हिसा त्या एकाच मालकाला बांधलेला. मालकाशी बिनसलं तर बहुतेक वेळा परतीचं तिकीट, आणि गावाकडे दलालाला दिलेलं कर्ज तसंच डोक्यावर. अशा मजुराची तक्रार विनाकागदवाल्याइतकीच दुर्मीळ.

मजूर हटवले की इथल्यांची मजुरी वाढेल, हा प्रयोग अमेरिकेने आधी करून पाहिला आहे. मेक्सिकोच्या हंगामी मजुरांचा ब्रासेरो कार्यक्रम १९६४ च्या अखेरीस बंद केला. क्लेमेन्स, लुईस आणि पोस्टेल या अर्थशास्त्रज्ञांनी राज्याराज्यांचे आकडे तपासले, तर स्थानिक शेतमजुरांच्या मजुरीवर मोजता येईल असा परिणाम सापडला नाही. मालकांनी यंत्रं आणली. जिथे यंत्र चाललं नाही तिथे पीक कमी केलं. कॅलिफोर्नियातला डबाबंद टोमॅटो काही वर्षांतच हातावरून यंत्रावर गेला. स्ट्रॉबेरीला तसं यंत्र अजून जमलेलं नाही.

२०२५ मध्ये हेच पुन्हा घडताना दिसलं, फक्त वेगाने. जूनमध्ये शेतं आणि हॉटेलांवरच्या धाडी थांबवायचा आदेश निघाला आणि काही दिवसांत फिरवला गेला. १० जुलैला कॅलिफोर्नियात कॅमारिल्योजवळच्या ग्रीनहाऊसवर धाड पडून तीनशेहून जास्त लोक पकडले गेले. पळापळीत छतावरून पडलेला एक मजूर दगावला. ऑक्टोबरमध्ये कामगार खात्याने एच-२ए मजुरीचा नवा नियम काढला. त्यात खात्याने स्वतःच लिहिलं की विनाकागद मजुरांचा ओघ आटल्याने आणि कायदेशीर माणसं मिळत नसल्याने देशाचा अन्नपुरवठा धोक्यात येतोय. आणि उपाय? मजुरीच्या दोन पातळ्या पाडून किमान दर खाली आणला, शिवाय फुकट द्यायच्या घराची किंमत धरून एच-२ए मजुरांचा दर आणखी कमी करायची मुभा दिली. स्थानिक मजुरांचे पगार वाढवण्यासाठी म्हणून चाललेल्या मोहिमेचा हा निकाल सरकारी कागदावरच नोंदलेला आहे.

दुरुस्तीसाठी नवा कायदा लागतोच असं नाही, जुन्यातली एक तारीख बदलली तरी पुष्कळ होईल. ‘रजिस्ट्री’ नावाचं १९२९ पासूनचं एक कलम आहे. ठरावीक तारखेपूर्वीपासून देशात राहत असलेल्या, चांगल्या वर्तणुकीच्या माणसाला ग्रीन कार्ड मागता येतं. ती तारीख अमेरिकेची संसद अधूनमधून पुढे सरकवत असे. १९८६ मध्ये ती १ जानेवारी १९७२ केली, आणि तिथेच आहे. आज तिचा फायदा घ्यायचा तर पन्नासहून जास्त वर्षांचा मुक्काम दाखवावा लागतो. ठरीव तारखेऐवजी सलग सात वर्षांचा मुक्काम पुरे, असं सुचवणारं विधेयक २०२२ मध्ये मांडलं गेलं आणि नंतर पुन्हाही. मंजूर झालेलं नाही.